नवी ओवी, नवा पोवाडा: सांगलीत राहून ताजं लोकसंगीत कसं शोधायचं

सांगलीत शिकायला किंवा नोकरीला आलेली पोरं अधूनमधून विचारतात, "दादा, इकडच्या लोकसंगीतात नवीन काय ऐकू?" सिनेमाच्या गाण्याबद्दल हाच प्रश्न असता तर मोबाईलनंच उत्तर दिलं असतं. धनगरी ओव्या, भेदिक शाहिरी (कलगी आणि तुरा या दोन पक्षांतली सवाल-जवाबाची गाणी), सोंगी भजन (सोंगं घेऊन केलेलं भजन), जागरण-गोंधळ यांच्या बाबतीत मोबाईल तेवढा कामाचा नाही. तो दहा वर्षांपूर्वीची चार गाजलेली गाणी पुन्हा पुन्हा पुढं करतो आणि काल रात्री जतजवळच्या एखाद्या वस्तीवर नवी जोडलेली ओवी त्याच्या गावीही नसते. गेली काही वर्षं मी विश्रामबागेत राहून सुट्टीच्या दिवशी जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, पलीकडं माण-खटाव असा फिरतो आहे. त्यातून जी पद्धत हाताला लागली ती इथं सांगतो. पूर्ण नवख्या माणसालाही ती जमेल.

आधी 'नवं' कशाला म्हणायचं ते ठरवा

हे ठरवलं नाही तर पुढचं सगळं चुकतं. माझं चुकलं होतं. एकदा बिरोबाच्या, म्हणजे धनगरांच्या देवाच्या, कथेचा एक ऑडिओ यूट्यूबवर सापडला. चढवल्याला आठवडाही झाला नव्हता. मी तो "नवीन ओवी" म्हणून ग्रुपवर टाकला. तासाभरात जतकडच्या एका आबांचा फोन आला, "आरं बाळा, ही कॅसेट आमच्या ट्रॅक्टरवर वाजायची. तवा तू शाळंत बी जात नसशील." मग त्यांनीच समजावलं. बिरोबाची कथा पिढ्यान् पिढ्या तीच आहे. ती नव्यानं कशी जोडली, मधे दुष्काळ आणला का, टेंभू सिंचन योजनेचं पाणी आणलं का, मेंढरं घेऊन कोकणपट्टीत उतरलेल्या पोरांची गोष्ट घातली का, तिथं नवेपण असतं. "कथा देवाची, जोडणी आमची," हे त्यांचे शब्द.

तेव्हापासून मी चार ढीग वेगळे ठेवतो. पहिला म्हणजे नवी रचना: शब्द आताचे, चाल बहुधा जुनी. दुसरा, जुन्याच रचनेचं नवं ध्वनिमुद्रण, नव्या गळ्यातून. तिसरा, जुनी कॅसेट नव्यानं चढवलेली. चौथा, डीजेवाल्यांनी ठोका बदलून केलेलं मिश्रण. चौथ्या ढिगावर मी वेळ घालवत नाही. ते लग्नाच्या वरातीत आपोआप कानावर येतंच. तिसरा ढीग मोलाचा आहे, पण त्याला 'नवं' म्हणू नका. तुम्ही शोधताय ते पहिल्या दोन ढिगांत.

कॅसेट ओळखायची कशी? व्हिडिओखालचं वर्णन उघडा. कंपनीनं चढवलेल्या गाण्याखाली बहुतेक वेळा वर्तुळातलं 'पी' हे इंग्रजी अक्षर, साल आणि मालकाचं नाव असतं. स्पॉटिफायवर हीच ओळ अल्बमच्या अगदी तळाशी सापडते. ते सालही कधीकधी डिजिटल आवृत्तीचं असतं, म्हणून शेवटचा निवाडा कानावर सोडा. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू अर्ध्या तासाची असायची. ओवी बरोबर तिशीच्या आसपास तुटत असेल आणि शेवटी "पुढची कथा दुसऱ्या बाजूला ऐका" असं आलं, तर विषय संपला. मागं बारीक खरखर असते आणि ढोलाचा आवाज भांड्यात ठेवल्यासारखा दबलेला येतो. आताच्या ध्वनिमुद्रणात उलट गळ्यावर प्रतिध्वनी फार चढवलेला असतो. पाच-सहा गाणी शेजारीशेजारी ऐकलीत की हा फरक कायमचा कळून जातो.

थोडं जुनं ऐकून कान तयार करा

फार नको, आठवडाभर पुरे. पण ते करा, कारण जुनं ठाऊक नसेल तर नव्यात नवं काय हे कळणार नाही. आपण उभे आहोत ती माती या बाबतीत श्रीमंत आहे. पठ्ठे बापूराव वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे. त्याच तालुक्यातल्या वाटेगावात 1 ऑगस्ट 1920 रोजी अण्णाभाऊ साठे जन्मले, आणि 1944 मध्ये अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. तमाशातली काळू-बाळू ही जोडी सांगलीशेजारच्या कवलापूरची. साताऱ्याकडं गेलात तर शाहीर साबळे वाई तालुक्यातल्या पसरणीचे, आणि बैठकीच्या लावणीसाठी 2012 मध्ये पद्मश्री मिळालेल्या यमुनाबाई वाईकर वाईच्याच.

यांतलं प्रत्येकाचं थोडं थोडं ऐका आणि ऐकताना वाद्यांकडं लक्ष ठेवा. पोवाड्याला डफ आणि तुणतुणं. गोंधळाला संबळ. वाघ्या-मुरळीच्या जागरणाला दिमडी. ओवीला मोठा ढोल आणि झांज. कुस्तीच्या मैदानात आणि मिरवणुकीत हलगी, घुमकं, कैताळ. वाद्य ओळखू आलं की थंबनेलवर काहीही लिहिलेलं असो, आत काय आहे ते पहिल्या दहा सेकंदांत कळतं. "धनगरी ओवी" असं नाव देऊन आत नुसता कीबोर्ड वाजत असेल तर मी पुढं जातो.

यात्रेच्या तारखा वहीत उतरवा

सिनेसंगीत किंवा इंग्रजी गाणी बहुतेक शुक्रवारी येतात. स्पॉटिफायची नव्या गाण्यांची यादीही शुक्रवारीच बदलते. आपल्याकडचं लोकसंगीत मात्र पंचांगावर चालतं. देवाची यात्रा किंवा थोर माणसाची जयंती जवळ आली की त्या नावाची गाणी येतात, आणि माझ्या अनुभवात ती दोन-तीन आठवडे आधी येतात, म्हणजे यात्रेपर्यंत ती लोकांच्या तोंडी बसलेली असतात. म्हणून शोध रोज घेण्यापेक्षा हंगामात घ्या.

माझ्या वहीतलं वर्ष साधारण असं आहे. 19 फेब्रुवारीच्या शिवजयंतीआधी पोवाडे येतात. माघात चिंचलीच्या मायाक्काची यात्रा असते. गाव कर्नाटकात आहे, पण निम्मी गर्दी आपल्याकडची, त्यामुळं मायाक्काच्या ओव्या आणि गाणी त्या सुमाराला वाढतात. चैत्रात जोतिबाची गाणी, आणि गावोगावच्या जत्रांमुळं तमाशाच्या फडांचाही तोच हंगाम. 14 एप्रिलच्या आधी भीमगीतांची जी लाट येते तिच्याएवढी नवी रचना दुसऱ्या कुठल्याच प्रकारात मला दिसत नाही. दरवर्षी नवे कवी, नवे गायक, आणि शब्द त्या वर्षीच्या घडामोडींना भिडणारे. तुम्हाला फक्त एकाच हंगामात शोधायला वेळ असेल तर हा निवडा.

आषाढीला अभंग आणि गौळणी. 1 ऑगस्टला अण्णाभाऊंच्या जयंतीची गीतं. भाद्रपदात गौरी-गणपतीची, झिम्मा-फुगडीची गाणी. नवरात्रात अंबाबाई, औंधची यमाई, मांढरदेवची काळूबाई. मार्गशीर्षात चंपाषष्ठीला खंडोबा आणि त्याच महिन्याच्या सुरुवातीला म्हसवडला सिद्धनाथाचा रथ. पौषात पालीच्या खंडोबाचं लग्न आणि पौष पौर्णिमेला काळूबाईची मोठी यात्रा. काळूबाईची गाणी हा तर आपल्याकडचा स्वतंत्र प्रकारच म्हणायला हवा. नवरात्र आणि पौष असे त्याचे दोन हंगाम आहेत. बाळूमामांच्या ओव्यांना मात्र हंगाम नाही. मामांच्या नावानं फिरणारी बकरी ज्या गावात तळ टाकतील तिथं रात्री गाणं होतं, आणि ते वर्षभर चालतं.

शोधायचे शब्द आणि गाण्यात लपलेला पत्ता

यूट्यूबवर "मराठी लोकगीत नवीन" असं टाकलंत तर हाती काहीच लागणार नाही. प्रकाराचं नेमकं नाव टाका आणि पुढं गाव किंवा देव जोडा. "गजी ढोल आटपाडी", "भेदिक शाहिरी कलगी तुरा", "सोंगी भजन मिरज", "जागरण गोंधळ पाल". गजी ढोल, म्हणजे धनगरांचा ढोलावरचा नाच, कुणी 'गजनृत्य' लिहितं, कुणी 'गजीनृत्य', कुणी 'गाजी'. सगळी रूपं एकदा तरी टाकून बघा. मंडळातली चढवणारी पोरं बरेचदा नाव रोमन लिपीत लिहितात, तेही मनाला येईल त्या स्पेलिंगनं, म्हणून तसाही एक शोध घ्या. मग फिल्टर उघडून 'या आठवड्यातलं' किंवा 'या महिन्यातलं' निवडा. हा फिल्टर लावला नाही तर कोट्यवधी वेळा बघितलेलंच वर येतं.

आता या लेखातली सगळ्यात कामाची गोष्ट. आपल्या शाहिरीत, लावणीत, ओवीत रचनाकार आपलं नाव शेवटच्या चौकात (रचनेच्या भागात) किंवा शेवटच्या कडव्यात गुंफतो. गुरूचं नाव, स्वतःचं नाव, गावाचं नाव. पुष्कळदा डफ धरणाऱ्याचं आणि झीलकऱ्यांचंही, म्हणजे मागं साथीला गाणाऱ्यांचंही, नाव येतं. छापील श्रेयनामावली नसताना कवीनं आपली रचना आपल्या नावावर ठेवायची ही जुनी रीत, आणि आज तीच आपल्याला पत्ता देते. व्हिडिओखाली काहीच लिहिलेलं नसेल तर गाणं शेवटच्या दोन मिनिटांवर न्या आणि कागद-पेन घेऊन बसा.

एक उदाहरण सांगतो. इन्स्टाग्रामवर वीस सेकंदांचा एक तुकडा फिरत होता. बाईचा आवाज, मागं संबळ, आणि देवीला पाण्याच्या टँकरबद्दल गाऱ्हाणं. नाव नाही, गाव नाही. आधी त्या रीलखालच्या ऑडिओच्या नावावर बोट ठेवलं, म्हणजे तोच आवाज वापरलेल्या सगळ्या रील्स समोर आल्या. त्यांतल्या सगळ्यात जुन्या रीलवाल्याच्या पानावर पूर्ण गाणं मिळालं. शेवटच्या कडव्यात खानापूर तालुक्यातल्या एका गावाचं नाव आलं. ते गाव आणि 'गोंधळी' हे दोन शब्द टाकून शोधलं तर त्या कुटुंबाचं स्वतःचं चॅनल निघालं. अकरा व्हिडिओ, वर्गणीदार दोनशेच्या आत, आणि अकरापैकी सात रचना पूर्ण नव्या. अर्ध्या तासाचं काम. यूट्यूबनं ते चॅनल मला आपणहून कधीच दाखवलं नसतं.

मिळालेलं धरून ठेवा

असं चॅनल सापडलं की सबस्क्राईब करून घंटा दाबाच, आणि घंटेत 'ऑल' निवडा. छोट्या चॅनलचे व्हिडिओ नाहीतर खाली दबतात. चॅनलच्या पानावर 'लाईव्ह' असा वेगळा भाग असतो, तो आवर्जून उघडा. हल्ली यात्रेतल्या ओव्या रात्रभर थेट दाखवतात आणि तो चार-पाच तासांचा व्हिडिओ तसाच पडून राहतो. नव्या जोडलेल्या ओव्या बहुतेक त्यातच असतात, मध्यरात्रीनंतर, गळा तापल्यावर. कुठल्या मिनिटाला काय आलं ते वहीत लिहून ठेवा. माझ्या वहीत एवढंच असतं: तारीख, देव किंवा विषय, गायक, गाव, वाद्यं, कुठं ऐकलं, कितव्या मिनिटाला. चार ढिगांपैकी कुठला, तेही. दोन वर्षांत त्या वहीचं मोल मला कुठल्याही यादीपेक्षा जास्त वाटायला लागलं, कारण कोण कुणाच्या मंडळातून फुटून स्वतःचं गायला लागलं हे त्यात दिसतं.

मोठ्या कंपन्यांची मराठी चॅनल आहेतच. ती तुमच्यापर्यंत आपोआप पोचतील, त्यांच्यासाठी वेगळं सांगायला नको.

रेडिओ विसरू नका. आकाशवाणी सांगली 1963 पासून आहे आणि लोकसंगीत तिथं वाजतं. मोबाईलवर न्यूज ऑन एअर हे ॲपही आहे. आकाशवाणीवर गाण्यासाठी आवाजाची चाचणी द्यावी लागते आणि कलाकारांना श्रेणी मिळते, त्यामुळं एखाद्या फलकावर 'आकाशवाणी मान्यताप्राप्त' दिसलं तर ते नाव वहीत घ्या. यापेक्षा जवळचं हवं असेल तर म्हसवडच्या माणदेशी फाउंडेशनचा 90.4 वरचा सामुदायिक रेडिओ आणि जत तालुक्यातल्या जालिहाळचा येरळावाणी. अशा केंद्रांचा टप्पा थोड्या गावांपुरता असतो आणि मला तेच आवडतं. निवेदक आणि गाणारी एकाच बाजाराला जाणारी माणसं.

जात्यावरच्या ओव्यांचं थोडं वेगळं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी हजाराहून अधिक गावांतून एक लाखावर ओव्या जमवल्या, आणि 'पारी' या संकेतस्थळावर त्या टप्प्याटप्प्यानं अर्थासकट, ध्वनिमुद्रणासकट येत राहिल्या. माझ्या हिशेबानं हा तिसरा ढीग, जुनंच पण नव्यानं हाती आलेलं. तरी ऐका. बायकांचं गाणं बाकी सगळीकडं फार थोडं सापडतं, आणि या ओव्या ऐकल्यावर आजच्या गाण्यांतला कुठला शब्द कुठून आला ते कळतं.

आता उठून जा

हे सगळं महिनाभर केलंत की एका रात्री प्रत्यक्ष जा. आरेवाडीचं बिरोबाचं बन सांगलीहून फार लांब नाही. कवठेमहांकाळपर्यंत एसटी मिळते. गावची जत्रा कधी आहे हे फलकावर कळतं, आणि त्याच फलकावर खाली ओवीकार मंडळाचं नाव, गाव, संपर्क असतो. त्याचा फोटो काढून ठेवा. मंडळाची सुपारी कुणी दिली, रात्री किती वाजता उभे राहणार, हे दुपारी देवळाशेजारच्या चहाच्या टपरीवर विचारा. फलकावर नऊ लिहिलेलं असलं तरी गाणं अकराच्या आधी रंगात येत नाही.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हाचं मला अजून डोळ्यांपुढं आहे. माणसं गोल करून उभी, कपाळावर भंडारा, खांद्यावर घोंगडं. ओवीकारानं डावा हात कानावर ठेवला, सुंबरान, म्हणजे देवाचं स्मरण, घातलं आणि एक ओळ अशी लांब ओढली की ती कुठं संपणार हे कळेना. ती हवेत असतानाच समोरच्या झीलकऱ्यांनी शेवटचा शब्द झेलला आणि ढोल पडला. त्या ढोलाचा धक्का छातीवर बसतो. मोबाईलच्या स्पीकरमधून तो कधीच येणार नाही. त्याच ढोलाशेजारी मंडळातलं एक दहावी-अकरावीचं पोरगं काठीला मोबाईल बांधून उभं होतं. चॅनल तेच चालवत होतं. नव्या गाण्यांचा माझा सगळ्यात भरवशाचा धागा म्हणजे अशी पोरं. त्यांच्याशी ओळख करा, मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घ्यायला सांगा. पुढची ओवी कुठं उभी राहणार हे ग्रुपवर आधी येतं, यूट्यूबवर मागून.

ध्वनिमुद्रण करायचं असेल तर आधी विचारा. "तात्या, माझ्यापुरतं रेकॉर्ड करू का?" एवढं विचारलं की बहुतेक हो म्हणतात. पण ते आपल्या चॅनलवर चढवू नका. त्यांचं स्वतःचं चॅनल असतं आणि त्यावर चार पैसे मिळायला आता कुठं सुरुवात झालेली असते. तुम्ही चढवलेला तुकडा त्यांचेच बघणारे तोडतो. दुवा पाठवायचा तर त्यांचाच पाठवा.

गाणं संपल्यावर ओवीकाराला भेटायला जा, मात्र लगेच नको, पाणी पिऊन बसू द्या. "ओवी लई आवडली, आबा. ही जोडणी कुणाची?" असं विचारा. जोडणी विचारणारा माणूस क्वचित भेटतो, म्हणून ते मनापासून सांगतात: कुणाकडनं शिकलो, कुठल्या कडव्यात काय घातलं, औंदा अजून काय जोडायचं चाललंय. अजून गायलीच गेली नाही अशी ओवी मला असंच एकदा पहाटे चार वाजता ऐकायला मिळाली, चहा उकळेपर्यंत, हलक्या आवाजात, ढोलाशिवाय.

आणि बक्षीस द्या, पन्नास-शंभर का होईना. ते गाणं चालू असताना चिठ्ठीसोबत पुढं पाठवायचं असतं. चिठ्ठीवर आपल्या नावाबरोबर गावाचंही नाव लिहा. ओवीकार ते दोन्ही पुढच्या ओळीत घेतो, आणि रात्रभरच्या त्या व्हिडिओत ते तसंच राहतं.